मेरिओ घराच्या भिंतीतला वाढता हात

"सरका, सरका! लेकरांना पुढे घ्या, पापी माणसांनी मागे राहावं!" संदेष्टा लूशस जिन्यावरून ओरडला. कुणीच मागे राहिलं नाही.

जूनमधला रविवार होता. नदीच्या बांधापासून मेरिओच्या मोठ्या घराच्या जिन्यापर्यंत नुसती माणसं. दूरदूरच्या वस्त्यांतून लोक ट्रकच्या मागे बसून आले होते. बायकांच्या हातांत पुठ्ठ्याचे पंखे, डब्यांत तळलेली कोंबडी. एरवी आमच्या वस्तीतलं कुणी त्या घरात पाऊल टाकत नसे. त्या घराच्या भिंती श्वास घेतात, असं ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. आता तीच माणसं वर जाण्यासाठी एकमेकांची कोपरं खात होती.

वरच्या मजल्यावर नदीकडच्या खोलीत चुन्याच्या गिलाव्याचा मोठा पोपडा गळून पडला होता. आतली चिखलाची भिंत उघडी पडली होती. त्या चिखलात, कमरेइतक्या उंचीवर, एका मुलाच्या हाताचा ठसा होता. उघडा पंजा, पाचही बोटं वर, जणू आतून कुणी दार ढकलत असावं. खिडक्यांची झापडं बंद होती. उजेड एका कंदिलाचा. भिंतीपासून आठ हातांवर दोर बांधलेला.

संदेष्ट्याने पांढरं फडकं बाजूला केलं आणि वाण्याच्या तपकिरी कागदावर काढलेली आकृती नाचवली.

"मे महिन्यात हा हात एवढा होता! आणि आज?" कागद त्याने ठशाशेजारी धरला. हात बोटभर मोठा होता. "वीट वाढते का, बंधूंनो? नाही! लाकूड वाढतं का? नाही! मग काय वाढतं?"

"लेकरू!" लोक ओरडले.

"आणि बघा, हाताला घाम सुटलाय! मेलेल्याला घाम येतो का?"

"मला जिना चढतानाच आला," माझ्याशेजारी उभा असलेला थिओजेन पुटपुटला. "आणि माझी बायको मला मेल्यातच धरते." ऐंशीचा थिओजेन विटांच्या भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस. दोन बायका फिसकन हसल्या, मग घाबरून त्यांनी छातीवर क्रूस काढला.

मी हसले नाही. दोराला अगदी लागून गुडघ्यांवर लिओन्तीन बसली होती.

लिओन्तीन माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मी हातांवर धरलं होतं, म्हणून ती मला नेनेन म्हणते, आणि तिचं ऐकून सगळी वस्तीच. माझं नाव ऑरेली. लिओन्तीनची पाच वर्षांची मुलगी झेलीन दोन वर्षांपूर्वी बांधापलीकडे मासे बघायला गेली आणि नदीने नेली. तीन दिवस होड्या फिरल्या. काहीच सापडलं नाही. थडगं नाही, चर्चमध्ये मृतांसाठीचा मिस्सा नाही. लिओन्तीन म्हणायची, "शरीर दाखवा, मग मिस्सा करा." आता तिला सातवा महिना होता. नवरा अनातोल मालवाहू बोटीवर, वर सेंट लुईसकडे. संदेष्ट्याने तिला पहिल्याच दिवशी हेरलं. तो म्हणाला, झेलीन मेली नाही. नदीने तिला मातीला दिलं, मातीने भिंतीला दिलं, आणि भिंत तिला वाढवते आहे. आईने चाळीस दिवस उपास केला, तर चाळिसाव्या दिवशी भिंत उघडेल.

उपास म्हणजे दिवसभर पाणी आणि संध्याकाळी मक्याच्या भाकरीचा एक घास.

मी स्वतः उपास करणारी बाई आहे. चाळीस वर्षं शुक्रवारी एकदाच जेवते. पहाटे उठून पवित्र मरियेपुढे दिवा लावल्याशिवाय आणि माळ ओढल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. म्हणूनच मला ठाऊक आहे, उपास आपण आपल्या पोटाचा करतो. पोटातल्या जिवाचा उपास देवाने कुणाला सांगितल्याचं मी कुठे वाचलं नाही.

"नेनेन, तुम्ही एवढ्या भाविक, आणि तुम्हीच शंका काढता?" शिवणकाम करणारी फिलोमेन मला म्हणाली. तिने संदेष्ट्यासाठी नवा झगा शिवला होता.

"देवाची भीती वाटते म्हणूनच काढते," मी म्हटलं.

मी फादरांकडे गेले. त्यांनी मान खाली घातली. "ऑरेली, मी गेलो तर म्हणतील, गोरा पाद्री काळ्या लेकराचा चमत्कार मोडायला आला." खरं होतं ते. मग मी नर्सबाईंना घेऊन आले. त्यांनी लिओन्तीनचे सुजलेले पाय दाबून पाहिले, पोटावर नळी लावून ऐकलं आणि मला ओसरीत बोलावलं. "ही आठवडाभर अशीच राहिली, तर दोघांपैकी कुणाचीच खात्री मी देणार नाही. दवाखान्यात यायला ती नाही म्हणते. उचलून कशी नेऊ?"

तो उपासाचा एकतिसावा दिवस होता.

त्या घराबद्दल मला थोडं सांगू द्या, कारण खोटं पकडलं ते घरानेच.

मेरिओचं घर नदीकडे तोंड करून बसलेलं आहे. पूर्वी समोर ओकच्या दोन रांगा थेट पाण्यापर्यंत जायच्या. नदी सरकत आली, बांध मागे घ्यावा लागला, झाडं बांधाच्या पोटात गेली. आता घर आणि बांध यांच्यात वीस पावलं उरली आहेत. ओसरीत बसलं तर नदी दिसत नाही, पण बोटींच्या चिमण्या गवतावरून हळूहळू सरकताना दिसतात. कुणाला भुतं बघायची असली तर तेवढंच पुरे.

खालचा मजला विटांचा, पूर आला तर त्याने तिथेच थांबावं म्हणून. वरचा सायप्रसच्या लाकडी सांगाड्याचा, मधल्या जागेत चिखल भरलेला. चारी बाजूंनी रुंद ओसरी, जिने बाहेरून. आत बोळ नाही. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असंच जायचं. ते घर ज्यांनी बांधलं ते आमचे लोक, विकत आणलेले गुलाम. सुतारांनी प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा कोरल्या, त्या अजून आहेत. सांध्यांच्या खुणा उरल्या. माणसांची नावं कुणी कोरली नाहीत. मालक साखरेवर मोठे झाले, गुलामी संपवणाऱ्या युद्धानंतर बुडाले, मग घर साखर कंपनीकडे गेलं, मग त्यात गवत भरलं, मग काहीच नाही. त्या रिकाम्या घरात मार्चमध्ये संदेष्टा लूशस आपली वळकटी घेऊन शिरला, आणि कंपनीच्या राखणदाराने त्याच्याकडे काणाडोळा केला.

लिओन्तीनला उठवता येईना, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसू लागले. आठवड्यात वरची खोली कुलपात असायची. तिला खालच्या विटांच्या खोलीत, बरोबर भिंतीखाली बसायची आज्ञा होती. तेहेतिसावा दिवस, शनिवारची दुपार. ऊन बाहेर रटरटत होतं आणि आत विटा गार, ओलसर. माझ्या हातात माळ होती.

"काय खाल्लंस?"

"पाणी."

"बाळ हललं का आज?"

तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "काल हललं होतं. नेनेन, हात बघितलात ना? सात वर्षांची झाली असती ती. सात वर्षांच्या मुलीचा हात तेवढाच असतो."

वर पावलं वाजली.

हळू. चार पावलं, थांबणं, पुन्हा दोन. मग ओलं काही थापल्यासारखा आवाज, थप, थप. लिओन्तीनने माझं मनगट घट्ट धरलं. तिचे डोळे छताकडे, ओठ पांढरे. "तीच आहे," ती म्हणाली. "शनिवारी चालते. दर शनिवारी."

खोटं कशाला बोलू? माझ्या मानेवर काटा आला. त्या घराला जन्मभर घाबरून राहिलेली मी, माझी माळ जिथल्या तिथे थांबली. तेवढ्यात फळ्यांच्या फटीतून एक थेंब गळला आणि लिओन्तीनच्या शालीवर पडला. तांबूस, जाड.

"तिचे अश्रू," लिओन्तीन म्हणाली आणि तो थेंब ओठांना लावायला निघाली.

मी तिचा हात अडवला. कारण मला वास आला होता. ओल्या चिखलाचा, ताज्या. मी थेंब बोटांत चोळला. चिखलातून बोटभर लांबीची एक तार निघाली. शेवाळ, ओकच्या फांद्यांवरून लोंबतं ते.

करडी.

माझा बाप शेवाळ गोळा करायचा. लांब आकड्याने झाडावरून ओढायचं, खड्ड्यात पाणी मारून महिनोन्‌महिने कुजवायचं. वरची करडी साल सडून जाते आणि आत घोड्याच्या केसासारखी काळी, चिवट तार उरते. तीच गाद्यांत जाते, तीच भिंतीच्या चिखलात. गादीत करडी तार राहिली म्हणून आईने मला चुलीच्या फुंकणीने मारलेलं आठवतं.

मग मला दुसरीही गोष्ट आठवली, आणि मी डोळे मिटून बसले. मी लहान असताना बापाबरोबर आमच्या घराचं चिखलाचं धुराडं सारवलं होतं. माझे हात कसे चालले होते ते हातांनाच आठवलं.

"उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर वर येईन," मी लिओन्तीनला म्हटलं. "मात्र आज रात्री दूध घे. देवाकडे तुझ्या वतीने मी उत्तर देईन."

तिने मान हलवली. नाही.

रविवारी गर्दी दुप्पट होती. हात आणखी मोठा झालाय, अशी बातमी संदेष्ट्याने आधीच सोडली होती. कंदील लागला, फडकं बाजूला झालं, हालेलुया झालं. मग मी दोरापाशी गेले. माझा आवाज मुळात बारीक. लोक गप्प झाले तेव्हा कुठे ऐकू गेला.

"संदेष्टे, थोडं विचारू?"

"विचारा, माते! विश्वासाने विचारा!"

"ही भिंत किती जुनी?"

"दीडशे, दोनशे वर्षं!"

"आणि त्यानंतर या चिखलाला कुणी हात लावला?"

"कुणी नाही!" त्याने दोन्ही हात वर केले. "स्वर्गाच्या शपथेवर सांगतो, त्या दिवसापासून आजपर्यंत माणसाचं बोट या चिखलाला लागलेलं नाही!"

"मग हे बघा." मी रुमालाची घडी उघडली. "हा चिखल काल दुपारी याच खोलीच्या फळ्यांतून खाली गळला."

"अश्रू!" तो गरजला. "लेकराचे अश्रू!"

"अश्रूंत शेवाळ असतं का? थिओजेन, तुम्ही बघा. ही कसली?"

थिओजेनने तार कंदिलाजवळ नेली, डोळ्याजवळ आणली. "कच्ची. करडी आहे. परवाच झाडावरून ओढलेली."

"आपली माणसं भिंतीत अशी घालायची?"

"ती काय खुळी होती? कच्ची घातली तर भिंत सडते. माझ्या बापाने मला उभा फोडला असता."

मागच्या म्हाताऱ्यांत कुजबुज सुरू झाली. ज्यांनी शेवाळाच्या गाद्यांवर जन्म काढला, ते सगळे पुढे वाकले. "बघू इकडे." "अगं, खरंच करडी." "माझ्या आजीने असली खड्ड्यात परत फेकली असती."

"सैतानाची शंका!" संदेष्टा ओरडला. "माते, तुमची जीभ झडेल!"

"झडली तर माझी. आणखी एकच. थिओजेन, भिंत भरताना हात कसा चालायचा?"

म्हाताऱ्याला क्षणभर समजलं नाही. मग त्याने हवेत चिखलाची वळकटी उचलली, न दिसणाऱ्या आडव्या काठीवर खोगिरासारखी टाकली, आणि दोन्ही पंजे वरून खाली ओढले. एकदा, पुन्हा. त्याच्या मागची एक म्हातारी तसंच करू लागली, मग आणखी कुणी. त्या अंधाऱ्या खोलीत वीस-पंचवीस म्हातारे रिकाम्या हवेत हात खाली ओढत होते. त्या घराने ते हात पूर्वी पाहिले होते.

थिओजेन एकाएकी थांबला. त्याने स्वतःचे पंजे पाहिले. मग भिंतीकडे.

"बोटं खाली असतात," तो म्हणाला. "भिंत भरणाऱ्याची बोटं कायम खाली. हा ठसा उलटा आहे."

"झापडं उघडा कुणीतरी," मी म्हटलं.

"उघडू नका! उजेडाने लेकरू मरेल!"

लिओन्तीन उठली. भिंतीला धरून नव्हे, माझ्या खांद्याला धरून. दोराखाली वाकली. संदेष्ट्याने तिच्यापुढे हात आडवा घातला. "हात लावलास तर चाळिसावा दिवस हुकला! पोर कायमची जाईल!"

तिने माझ्याकडे पाहिलं. एवढी भीती मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. मी तिला इतकंच म्हटलं, "आत तुझी मुलगी असेल, तर आईच्या हाताने तिचं वाईट होणार नाही."

तिने त्याचा हात बाजूला केला आणि आपला पंजा ठशावर ठेवला.

चिखल मऊ होता. तिची बोटं आत गेली. तिने हात मागे घेतला तेव्हा वीतभर रुंदीचा थर भिंतीवरून सुटला आणि ओल्या फडक्यासारखा फळ्यांवर पडला. त्याच वेळी कुणीतरी नदीकडचं झापड ढकललं. ऊन आत आलं.

फिलोमेन सर्वांत आधी वाकली. पडलेल्या थरावर अर्धा ठसा शाबूत होता. तिने त्याच्यावरून नख फिरवलं, शिंपिणीचं नख. "यात तळहाताच्या रेषाच नाहीत. आणि ही बोटाच्या कडेची? ही शिवण आहे!" तिचा चेहरा लाल झाला. "अगं बाई, हा हातमोजा आहे! पोरी चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला घालतात तो पांढरा!"

संदेष्टा काहीतरी म्हणत होता, पण दाराशी सरकत म्हणत होता. त्या घरात एक खोली दुसरीत उघडते, म्हणून तो या दारातून त्या दारात, त्या दारातून पुढच्या दारात झगा सावरत पळाला. मागच्या जिन्यावर लोकांनी त्याला धरला. त्याच्या खोलीत खाटेखाली वाळू भरून तोंड शिवलेले तीन पांढरे हातमोजे निघाले, लहान, मधला, मोठा. शेजारी चिखलाची बादली आणि करड्या शेवाळाची जुडी. शनिवारी जुन्या चिखलावर ओला थर द्यायचा, पुढच्या मापाचा मोजा दाबायचा, रविवारी ओला ठसा दाखवायचा. तो घाम त्या पाण्याचा होता.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी भिंतीकडे बघत होते.

थर निघाला होता तिथे खाली दुसरी भिंत होती. खडखडीत, गडद. तिच्यात काळ्या चिवट तारा. आणि तिथे एक हात होता. खरा. एवढासा, सहा-सात वर्षांच्या मुलाचा. बोटं खाली. तळहाताच्या रेषा अशा स्पष्ट की हस्तरेषा बघणाऱ्याने भविष्य सांगावं. संदेष्ट्याला पोपड्यामागे हाच सापडला असणार. यावरूनच त्याला युक्ती सुचली, आणि मग त्याने हाच झाकून टाकला. पायांनी चिखल तुडवायला आणि ओंजळीने भरायला लहान मुलंही लावत असत. हा त्यांतल्याच एकाचा. इतक्या वर्षांत केसभरही वाढलेला नव्हता.

"हा कुणाचा?" लिओन्तीनने विचारलं.

"आपल्यापैकी कुणाचा तरी. नाव नाही राहिलं."

तिने त्या लहान तळहाताच्या रेषांवरून बोट फिरवलं. मग ती माझ्याकडे वळली.

"नेनेन, मग माझी झेलीन कुठे आहे?"

स्वर्गात, असं मी म्हणू शकले असते. मी रोज तेच म्हणते, आणि मानतेही. पण तिने ते विचारलं नव्हतं. दोन वर्षं तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आम्ही सगळ्यांनी नुसती मान फिरवली होती. त्या फटीतूनच तो माणूस आत शिरला होता.

"नदीत, बाळा," मी म्हटलं. "त्या दिवसापासून नदीत. ती मेली आहे."

ती खाली बसली आणि रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते रडणं ऐकायला भयंकर होतं. लहान मुलांना बायका बाहेर घेऊन गेल्या. मी तिचं डोकं मांडीवर धरलं. फिलोमेनने कुणाच्यातरी डब्यातलं दूध आणलं, त्यात अंजिराचा मुरंबा कालवला, आणि चमच्याने भरवू लागली. पहिले दोन चमचे ओघळून गेले. तिसरा आत गेला. अर्धी वाटी झाल्यावर लिओन्तीनने एकदम माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत कुणीतरी लाथ मारली, चांगली रागावून.

त्याच दुपारी ती नर्सबाईंबरोबर दवाखान्यात गेली. ऑगस्टच्या शेवटी तिला मुलगा झाला, किडकिडीत पण जिवंत. त्याआधी जुलैत अनातोल परत आल्यावर बांधावर झेलीनसाठी मिस्सा झाला. फादरांनी तिचं नाव घेतलं तेव्हा लिओन्तीन सगळ्यांपेक्षा मोठ्याने "आमेन" म्हणाली.

पुष्कळ जण मला विचारतात, ऑरेली, तू चमत्कार मोडलास, तुझी श्रद्धा डळमळली नाही? मी अजून पहाटे दिवा लावते, माळ ओढते. देवाने मला डोळे दिले आणि बोटं दिली, ती वापरल्याने त्याचा अपमान होईल असं मला वाटत नाही. तुम्हाला कुणी अंधारात उभं करून, दोरामागून काही दाखवत असेल, तर आधी खिडकी उघडायला सांगा. हात लावायला मागा. जुन्या कामाची जाण असलेल्या माणसाला बोलावून विचारा, हे असं होतं का. खरी गोष्ट असेल तर ती उजेडात टिकेल, आणि आपलं काही जाणार नाही.

आणि तुमच्या शेजारी कुणी लिओन्तीन असेल, तर तिच्यापासून मान फिरवू नका. तिचा प्रश्न कितीही कठीण असो, तिच्याजवळ बसा आणि खरं उत्तर द्या. ते तुम्ही दिलं नाही, तर खोटं उत्तर द्यायला कुणीतरी वळकटी घेऊन येतोच.